सतरा नंबरचा लाल ठिपका

माझा चष्मा माझ्याच पायाखाली येऊन फुटला, याबद्दल मी आजही मनापासून आभारी आहे. त्या दिवशी मात्र नव्हते. त्या दिवशी भर रस्त्यात उभं राहून मी स्वतःला जे काही म्हणाले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शनिवारची दुपार होती. आत्याकडे निघाले होते, एरवीचा मागचा रस्ता सोडून पुढच्या बाजूने. वारा सुटला होता, डोळ्यात धूळ गेली म्हणून चष्मा काढला आणि तो हातातून निसटला. आता माझा नंबर आहे उणे सहा. पडलेला चष्मा शोधायला मला आधी चष्मा लागतो. मी अंदाजाने एक पाऊल पुढे टाकलं… खाली ‘कट्’ असा आवाज झाला. चष्मा सापडला.

"अहो, हे काय समोरच चष्म्याचं दुकान आहे," जाणाऱ्या एका बाईंनी माझी दया येऊन सांगितलं आणि मला दारापर्यंत सोडलं. आत गारवा होता, काचा पुसायच्या औषधाचा वास होता, आणि दाराशीच एक उंच गृहस्थ वाट अडवून उभे होते.

"काका, जरा सरकता का?"

काका ढिम्म हलले नाहीत.

"काका, प्लीज—"

"ते नाही सरकायचे," आतून आवाज आला. त्यात दाबलेलं हसू होतं. "सकाळपासून तिथेच आहेत. तो माझा कोट आहे. स्टँडवर टांगलाय."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. धरणीने काही मनावर घेतलं नाही. एका हाताने माझं कोपर अलगद धरलं आणि मला खुर्चीत नेऊन बसवलं.

"खालची ओळ वाचा," तो म्हणाला.

"खालची ओळ कुठे आहे?"

"बरं. भिंत दिसते का?"

"भिंतीबद्दलही जरा शंकाच आहे."

तो मोकळेपणाने हसला. मग त्याने ती जड, गोल, लोखंडी चौकट माझ्या नाकावर ठेवली. कानामागे त्याची बोटं लागली, गार होती. एक काच सरकवली, ती काढून दुसरी घातली. "आता? … आणि आता?" मी मान हलवत होते. आणि मग एक काच बसली, आणि अचानक माझ्यासमोर एक माणूस उभा राहिला. तपकिरी डोळे. गालावर शाईचा ठिपका. एक भुवई वर गेलेली, उत्तराची वाट बघत.

"स्पष्ट दिसतंय?"

"हो," मी म्हणाले. इतकं स्पष्ट मी आयुष्यात कुणाला बघितलं नव्हतं.

फॉर्म भरताना त्याने फोन नंबर विचारला. मी सवयीने नाही म्हणाले. दुकानात नंबर दिला की जन्मभर मेसेज येत राहतात, मला त्याचा मनस्वी तिटकारा. त्याचं पेन क्षणभर थांबलं. मग त्याने तो रकाना रिकामा सोडला आणि फॉर्म मिटला.

"सोमवार-मंगळवारी चष्मा येईल. आता घरी कशा जाणार?"

आत्याचं घर त्याच गल्लीत, चौथं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तो मला सोडायला निघाला. अर्धं पाऊल पुढे चालत होता आणि माझ्यासाठी रस्ता वाचत होता. "पायरी… अजून एक… थांबा, सायकल आहे… चला. ते डबकं नाही, झाडाची सावली आहे. बिनधास्त पाय द्या."

"नंबर दिला नाही म्हणून काही अडणार नाही ना?" मी विचारलं.

"अडेल थोडं. पण नसलेला नंबर मी लिहीत नाही. असं आहे, आमच्या हेड ऑफिसात एक बाई बसते. तिने ठरवलंय की रिकामे रकाने दोन टक्क्यांच्या वर गेले की अख्खी यादी नापास. मला तिला एकदा भेटायचंय. पाचवीची गणिताची वही घेऊन जाणार आहे."

"बाईच कशावरून?"

"पुरुषाला इतका नेटका छळ जमत नाही."

मी जागीच थांबले. "तुमची ही… कितव्या नंबरची शाखा?"

"सतरा. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. पण तुम्हाला काय दिसणार म्हणा, तुम्ही काकांशी बोलत होतात."

तेवढ्यात आत्याने दार उघडलं. मला आत ओढलं, त्याला नखशिखान्त न्याहाळलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तो निरोप घेऊन गेलासुद्धा.

आता खरं सांगायला हवं. ती बाई म्हणजे मी.

आमची संस्था चष्मे करून देते. एकेचाळीस शाखा आहेत. प्रत्येक शाखा संध्याकाळी दिवसभराची यादी पाठवते: नाव, दोन्ही डोळ्यांचे नंबर, फोन. यादी काचा घासणाऱ्या यंत्राकडे जाण्याआधी संगणक ती आपोआप तपासतो. किती रकाने रिकामे आहेत, कुठला नंबर अशक्य आहे, कुठलं नाव दोनदा आलंय. कुठपर्यंत चालेल आणि कुठून नापास, तो आकडा ठरवायचं काम माझं. आकड्याच्या आत राहिलं तर शाखेसमोर हिरवा ठिपका, वर गेलं तर लाल. लाल म्हणजे त्या दिवसाची सगळी यादी परत. मग शाखेने खुलासा लिहायचा, तो दुसऱ्या टेबलावर जायचा, तिथे तीन दिवस. ऑफिसात मला गाळणी म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण मला ऐकू येतं. देवाने डोळ्यांची कसर कानांत भरून काढली आहे.

शाखा मला फक्त नंबरांनी माहीत होत्या. सतरा नंबर म्हणजे रोज सकाळी पडद्यावर दिसणारा एक लाल ठिपका. ती आत्याच्या गल्लीत आहे, तिला दोन पायऱ्या आहेत आणि आत एक तपकिरी डोळ्यांचा ऑप्टिशियन बसतो, हे कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नव्हतं.

सोमवारी दादाने शोधून दिलेला कॉलेजातला जुना, चरे पडलेला चष्मा लावून मी कामाला बसले. सतरा नंबर लाल. नोंदी अठरा. रिकामे रकाने एक. साडेपाच टक्के. नापास. आणि तो एक रिकामा रकाना माझ्याच नावापुढे होता.

माझ्या आकड्याने माझाच चष्मा अडकवला होता. शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसत म्हणाला, "हाताने पास करून टाक की, तुला अधिकार आहे." अधिकार होता. पण वर्षभरात तो मी कुणासाठीच वापरला नव्हता, आणि पहिल्यांदा वापरायचा तो स्वतःच्या चष्म्यासाठी? छे. संध्याकाळी मी सतरा नंबरला गेले.

बाकावर चौघं-पाचजण बसले होते. सगळे शनिवारच्या यादीतले, चष्मा विचारायला आलेले. एक शिवणकाम करणारी बाई म्हणत होती, "सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागते हो. ती तरी किती वेळा येईल?" तो सगळ्यांची माफी मागत होता. माझीही मागितली.

"तुमचा चष्मा वरून नापास झाला. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात ना, तसं सतराजणांचंही अडकलं."

"माझ्यामुळे," मी म्हणाले. आवाज मला स्वतःलाच ऐकू आला नाही. "नंबर घ्या माझा. आत्ता घ्या."

त्याने लिहून घेतला. एकेक आकडा पुन्हा म्हणून दाखवला. मग त्याची ती भुवई वर गेली. "म्हणजे तुमचा नंबर मिळायला शेवटी हेड ऑफिसचीच मदत झाली म्हणायची!"

बाकावरची शिवणकामवाली बाई फस्सकन हसली. मी लाल झाले, अगदी ठिपक्यासारखी.

चष्मा गुरुवारी आला. मग तो नाकावरून घसरायला लागला, म्हणून मी गेले. मग उजवी दांडी सैल वाटली, म्हणून गेले. मग काहीच झालं नव्हतं, तरी गेले. "आत्याकडे आले होते," असं मी दर वेळी सांगायचे, आणि तो दर वेळी गंभीरपणे मान हलवायचा.

"काका विचारत होते तुम्हाला," तो म्हणायचा.

"बरे आहेत ना?"

"काल इस्त्री करून आणलं त्यांना. खुशीत आहेत."

मी बाहीने काच पुसायला घेतली की तो माझ्या हातातून चष्मा काढून घ्यायचा. मऊ फडक्याने, गोल गोल, सावकाश पुसायचा. मग दिव्यासमोर धरून बघायचा आणि स्वतःच्या हाताने माझ्या डोळ्यांवर चढवायचा. त्या मधल्या मिनिटभरात मला जगातलं काही दिसत नसे. फक्त त्याचा श्वास ऐकू येई, आणि तेवढं पुरेसं असे.

"तू माझ्याकडे आठवड्यातून चारदा येतेस आणि दहा मिनिटांत उठतेस," एकदा आत्या म्हणाली. आत्या निवृत्त नर्स. माणसाची नाडी न धरता ताप सांगते. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?"

"तसं काही नाही गं."

"बरं, नसू दे. पण मुलगा चांगला आहे. माझ्याकडे मोबाइल नाही, मी बाळगतच नाही, तर माझा चष्मा झाल्यावर स्वतः घरी येऊन सांगून गेला. मागे महिनाभर यादी अडकली होती म्हणे, माझ्यासारख्या फोन नसलेल्यांमुळे."

मी चहाचा कप खाली ठेवला. म्हणजे माझी सख्खी आत्या माझ्याच आकड्यात अडकली होती, आणि मी तिच्याच घरी बसून तिचा चहा पीत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला आडून आडून विचारलं, इतके लाल दिवस झाले तर पुढे काय? तो काउंटर पुसत होता. पुसतच राहिला.

"या महिन्याच्या शेवटी आढावा बैठक आहे. ज्या शाखेचे लाल दिवस सगळ्यात जास्त, ती बंद. मला खुलासा द्यायला बोलावलंय, पण फर्निचरची यादी करून घेऊन गेलेसुद्धा. कोटाचा स्टँडही आहे त्यात."

"काकांनाही नेणार?" मी हसायचा प्रयत्न केला.

"काकांना नेतील. मला शहराच्या दुसऱ्या टोकाला टाकतील, किंवा नाहीच टाकणार. माझं सोडा हो. नऊ वर्षांत या गल्लीतल्या प्रत्येकाचे डोळे मी बघितलेत. ही बाकावरची माणसं कुठे जाणार? दोन बस बदलून?" त्याने फडकं घडी करून ठेवलं. "तुम्ही गणितात हुशार दिसता. अठराचे दोन टक्के किती?"

"शून्य पूर्णांक छत्तीस."

"म्हणजे एक माणूससुद्धा नाही. मोठ्या शाखेत रोज तीनशे माणसं येतात. त्यांची सहा माणसं बिनफोनची चालतात. माझ्याकडची एक आजी चालत नाही."

इतकं साधं गणित होतं. वर्षभर रोज तो ठिपका बघूनही मी ते केलं नव्हतं, कारण आकडा ठरवताना मी सगळ्या शाखांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या, आणि त्या ढिगात सतरा नंबर दिसतच नव्हती.

"पण बाकीच्या छोट्या शाखा हिरव्या कशा?" मी विचारलं.

त्याने फडक्याची घडी पुन्हा मोडली. "त्यांच्याकडे सगळ्यांकडे फोन असतील," म्हणाला आणि नजर चुकवून आत गेला. हा माणूस कुणाची चहाडी करणार नाही, एवढं मला कळलं. आणि चहाडी करण्यासारखं काहीतरी आहे, हेही कळलं.

ऑफिसात येऊन मी एक गोष्ट मोजली, जी आधी कधीच मोजली नव्हती: एकाच फोन नंबरावर किती माणसं आहेत? रकाना भरलाय की नाही एवढंच माझी तपासणी बघत होती. काय भरलंय ते नाही.

एका शाखेत दोनशे अकरा गिऱ्हाइकांचा फोन नंबर एकच होता. मी तो लावला.

"बोला ताई," पलीकडून एक थकलेला आवाज आला. "चष्मा तयार आहे ना? आजचा हा सातवा फोन. मी इथला वॉचमन आहे. मला चष्माच नाही!"

मी आधी हसले. मग बाकीच्या शाखा उघडल्या. दुसऱ्या शाखेत सगळे नऊच नऊ होते. तिसरीत एक-दोन-तीन-चार अशी सरळ रांग. एकेचाळीसपैकी सव्वीस शाखांनी माझ्या दोन टक्क्यांच्या धाकाने रिकामे रकाने खोट्या आकड्यांनी भरले होते आणि हिरवे ठिपके मिळवले होते. ज्याने खोटं लिहायचं नाकारलं तो लाल झाला होता. आणि आता त्याचंच दुकान बंद होणार होतं.

तीन रात्री नीट झोप लागली नाही. मॅडमनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, तो हिरवा पडदा विश्वस्तांना अभिमानाने दाखवला होता. माझं कौतुक केलं होतं. ते सगळं आता मीच उठून पुसायचं. पण त्याहूनही एक गोष्ट जड होती.

"त्याला सांगितलंस का?" आत्याने विचारलं. मी तिला सगळं सांगून टाकलं होतं.

"तो बोलणार नाही माझ्याशी."

"न बोलू दे. दुखणं अंगावर काढू नये, बाई. वाढतं ते."

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी गेले. बाक रिकामा होता. तो मला बघून हसला, आणि मी ते हसू शेवटचं म्हणून नीट बघून घेतलं.

"मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. दोन टक्क्यांवाली बाई… मी आहे."

त्याला आधी थट्टा वाटली. मग वाटेनाशी झाली.

मी सांगत गेले. की मी नवीन होते तेव्हा मर्यादा दहा टक्क्यांची होती, सगळे म्हणाले चालतंय. मग एका यादीत चष्म्याच्या नंबरांतल्या अधिक-उण्याची अदलाबदल झाली आणि ती तपासणीतून सुटली. साठ माणसांना उलटे चष्मे गेले. त्यातले एक म्हातारे शिक्षक ऑफिसात आले, माझ्या टेबलावर चष्मा ठेवला आणि म्हणाले, "पोरी, आठ दिवस मला वाटत होतं, मी वेडा होत चाललोय." त्या दिवशी मी एकूण एक आकडा आवळला. सगळे सरसकट.

"तीन आठवडे," तो हळू म्हणाला. "तीन आठवडे तुम्ही इथे बसून माझं ऐकत होतात."

"पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. नंतर… नंतर यायचं बंद होईल याची भीती वाटली."

त्याने स्वच्छ असलेली एक काच उचलली आणि पुसायला घेतली. "त्या मास्तरांसाठी तुम्ही केलंत ते बरोबर होतं," म्हणाला. "उद्या बैठकीत भेटू, मॅडम."

मॅडम! त्या एका शब्दाने तो खुर्ची मागे सरकवून कितीतरी लांब जाऊन बसला. मी दोन पायऱ्या उतरले तेव्हा चष्मा असूनही मला नीट दिसत नव्हतं.

बैठकीत तो लांबलचक टेबलाच्या टोकाला बसला होता, कोट घालून. माझ्याकडे बघत नव्हता. मॅडमनी पडदा लावला: चाळीस हिरवे, एक लाल. "सतरा नंबरचं काय ते आज संपवून टाकू," त्या म्हणाल्या.

मी उभी राहिले. 

"मॅडम, सतरा नंबर बरोबर आहे. आकडा चुकलाय. तो मी ठरवला होता."

मी दोनशे अकरा माणसांचा वॉचमन दाखवला तेव्हा हशा पिकला. सव्वीस शाखांची यादी दाखवली तेव्हा कुणी हसलं नाही. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे वर्षभर मी विश्वस्तांना जे हिरवं दाखवलं, ते?"

"त्यातलं बरंचसं खोटं होतं. लिहिलं शाखांनी, पण लिहायला मी भाग पाडलं. अठरा माणसांच्या शाखेला दोन टक्के म्हणजे एकही चूक चालणार नाही असा अर्थ होतो. अशा वेळी माणसं एकतर खोटं लिहितात, नाहीतर बंद पडतात."

मॅडमनी ती यादी पुन्हा एकदा वरून खाली वाचली. मग मॅडम त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही का नाही टाकलात हो एखादा नंबर? सगळ्यांनी टाकला."

"चष्मा झाला की कळवायचं असतं, म्हणून तर नंबर घ्यायचा," तो म्हणाला. "ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या घरी मी जाऊन येतो. खोटा नंबर लिहिला असता तर कुणाच्या घरी जायचं, ते मलाच कळलं नसतं."

नवे नियम तिथल्या तिथे ठरायला लागले. फोनच्या रकान्यात ‘फोन नाही’ असं खरं उत्तर लिहिता येईल. शंका असलेली एकच नोंद थांबेल, बाकीची यादी पुढे जाईल. छोट्या शाखेचा निकाल दिवसावर नाही, महिन्यावर. एकच नंबर पाचपेक्षा जास्त माणसांपुढे आला की लगेच विचारणा.

"आणि अधिक-उणे?" टेबलाच्या टोकाकडून आवाज आला. त्याचा. पहिल्यांदाच तो माझ्याकडे बघत होता.

"तिथे शून्य," मी म्हणाले. "तिथे एकही चूक चालणार नाही. कुणालाच."

त्याने मान हलवली. ती एवढीशी मान हलली, आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला.

कुठलीही शाखा बंद होणार नव्हती. पण मॅडम मला सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. "तू इथे बसून आकडे ठरवलेस ना? आता ऊठ. एकेचाळीस शाखा फिर, प्रत्येक बाकावर बस, आणि मग ठरव. तीन महिने." शिक्षा म्हणून दिलं होतं की बक्षीस म्हणून, त्यांनाच ठाऊक. मी दोन्हीसाठी त्यांचे आभार मानले.

जिन्यात तो थांबला होता. कोट हातावर घेतलेला. मी दोन पायऱ्या वर थांबले.

"काल मी नीट वागलो नाही," तो म्हणाला. "रात्रभर स्वतःवरच चिडलो. आणि तुमच्यावरही, खोटं कशाला बोलू."

"चिडायलाच हवं होतं."

"सकाळी वाटत होतं, तुम्ही गप्प बसाल. बसला असतात तरी कुणाला कळलं नसतं." त्याने कोट एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतला. "गल्लीतल्या सगळ्यांच्या वतीने… थँक यू."

"नाही. आभार मी मानायचे. तू नसतास तर मी त्या हिरव्या पडद्याकडे बघत खुशीत म्हातारी झाले असते." ‘तू’ कधी तोंडातून गेलं ते मला कळलंच नाही. त्याला कळलं. त्याची भुवई वर गेली, पण थट्टा काही आली नाही.

"मला मागायचं होतं, दुकान वाचू दे, एवढंच," तो म्हणाला. "पण आंधळा मागतो एक डोळा… पुढचं तुला माहीत आहे."

"माहीत आहे. तरी सांग."

"तू मला आवडतेस," त्याने सांगितलं. जिन्यातून दोघंजण फायली घेऊन वर गेले, तो बाजूला सरकला, आणि पुन्हा तिथेच येऊन उभा राहिला. "आता तीन महिने फिरणार तू?"

"उद्यापासून. एकेचाळीस शाखा."

"सतरा नंबरला कधी?"

"सगळ्यात शेवटी."

त्याचा चेहरा पडला. "शेवटी का?"

"म्हणजे तिथून पुढे मला कुठे जायला नको."

 त्या उरलेल्या दोन पायऱ्या चढून तो वर आला, आणि जिन्यातली माणसं येत-जात असताना आम्ही दोघं हातात हात घेऊन तिथेच उभे राहिलो.